बारा थर

तीस बाय चोवीस फुटांची कॅनव्हासची ताडपत्री शिवायची, तर तीन फुटी पन्ह्याच्या आठ पट्ट्या लागतात. आठ पट्ट्यांचे सात जोड, प्रत्येक जोड तीस फुटांचा आणि त्यावर टाक्यांच्या दोन ओळी. म्हणजे नुसत्या जोडांचीच ४२० फूट शिलाई. चारी काठांची दुमड धरली की आणखी १०८ फूट. जोड करताना एका पट्टीची कड दुसरीच्या कडेत अडकवून दुमडतात, तिथं चार थर होतात. हा जोड काठाला जाऊन मिळतो तिथं काठाची दुमड त्याच्यावरून जाते. काठ दोनदा दुमडलेला असतो, त्यामुळे चाराचे बारा थर होतात. एक थर पाऊण मिलिमीटरचा धरला तरी सुईखाली नऊ मिलिमीटर जाडी आली. एका ताडपत्रीत अशा चौदा जागा असतात, आणि दोरी बांधायची रिंग नेमकी त्यांच्याच शेजारी ठोकलेली असते. वाऱ्याचा सगळा ओढा तिथंच येतो.

हा हिशेब मला मशीन घ्यायच्या आधीपासून येत होता. तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो मला शाळेत असताना शिकवला होता. इंदापूरला पुणे-सोलापूर रस्त्याच्या कडेला आमचं ताडपत्री शिवायचं दुकान होतं. तात्यांकडे पायाने चालवायचं जुनं सिंगर होतं. सरळ जोड ते मशीनवर घालायचे आणि बारा थरांच्या जागा मात्र दाभणाने, मेण लावलेल्या सुतळीने हाताने शिवायचे. एका जागेला बराच वेळ जायचा. मी शेजारी बसून सुतळीला मेण लावायचो आणि मनात म्हणायचो की आपल्या हातात दुकान आलं की हे दाभण पहिलं बंद करायचं.

दुकान हातात आलं तेव्हा काम भरपूर होतं. आमच्या भागात ताडपत्रीवाल्याला वर्षभर उसंत नसते. दिवाळीच्या आसपास कारखान्यांचे बॉयलर पेटले की बीड-नगरकडून ऊसतोड मजूर येतात. त्यांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, टाकायच्या जुन्या ताडपत्र्या दुरुस्तीला येतात. उन्हाळ्यात डाळिंबवाले, रोपवाटिकावाले शेडनेट जोडून मागतात. ट्रॅक्टरच्या सीटा, पिकअपचे हूड, मुरघासाच्या फाटलेल्या बॅगा हे बारमाही. आणि ज्येष्ठ सरता सरता तुकोबांच्या पालखीबरोबर चालणाऱ्या दिंड्यांची कामं येतात, ट्रकच्या ताडपत्र्या आणि राहुट्या. बारामतीहून पालखी काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापूरला येते आणि पुढे सराटीहून नीरा ओलांडून अकलूजला जाते. हा सगळा आमचा पट्टा. तात्या दिंडीच्या कामाला नाही म्हणायचे नाहीत. मजुरीही जपून सांगायचे.

मशीन घ्यायला मी पुण्याला गेलो. वॉकिंग फूट घ्यायचं एवढं पक्कं होतं. साध्या मशीनमध्ये कापड पुढे नेतात ते फक्त खालचे दाते. वरचा पाय नुसता दाबून धरतो. त्यामुळे खालचा थर पुढे सरकतो आणि वरचा मागे रेंगाळतो. सदऱ्याच्या बाहीला ते कळतही नाही, पण तीस फुटांच्या जोडाच्या शेवटी वरची पट्टी वीतभर शिल्लक राहते. वॉकिंग फूटला वर दोन पाय असतात. एक कापड धरून ठेवतो तेव्हा दुसरा उचलून पुढे पडतो, आणि वरचा थरही खालच्याबरोबर चालतो. इथपर्यंत मला ठाऊक होतं. त्याच्या पुढचंही ऐकून होतो. काही मशीनांत सुई वर उचलल्यावर कापड सरकतं, तर काहींत सुई कापडात रुतलेली असतानाच दात्यांबरोबर आणि पायाबरोबर मागे सरकते, तेव्हा सगळे थर सुईनेच एकमेकांना खिळलेले राहतात. बाजारात पहिल्याला डबल फीड म्हणतात, दुसऱ्याला ट्रिपल फीड. दोन्ही वॉकिंग फूट म्हणूनच विकली जातात.

दुकानदाराने विचारलं, "काय काय शिवता?" मी म्हणालो, "सगळंच." त्याने डबल फीडचं एक मशीन दाखवलं. मिनिटाला दोन हजारांच्या वर टाके, तीन फेजची क्लच मोटर, किंमत आवाक्यात. नवंकोरं रेक्झिन दुपदरी करून त्याने पायाखाली घातलं आणि सरसर ओळ मारून दाखवली. टाका सुरेख पडला होता. मी ओळीवरून बोट फिरवलं आणि पैसे मोजले.

माझ्या पिशवीत बारा थरांचा तुकडा नव्हता. घडी घालून बाजूला काढला होता, पण निघताना मुद्दाम घरीच ठेवला. वापरलेलं कॅनव्हास, त्याला डिझेलचा आणि कुजट वास. पुण्याच्या काचा लावलेल्या दुकानात ते पिशवीतून काढायची मला लाज वाटत होती. तो तुकडा त्या पायाखाली घातला असता तर तिथंच कळलं असतं की पाय तेवढा उचलला जात नाही, आणि जेमतेम घुसवला तरी पुढचा पाय जोडाच्या पायरीवर चढत नाही, जागच्या जागी थरथरतो. कुठलंही मशीन घेताना आपल्या कामातली सगळ्यात वाईट जागा त्याच्या पायाखाली घालायची असते. मी दुसऱ्याच्या कामातली सगळ्यात सोपी जागा घातलेली पाहिली.

तरी पहिले काही महिने चांगले गेले. शेडनेट झरझर व्हायचं. ताडपत्रीचे सरळ जोडही तात्यांच्या सिंगरपेक्षा कितीतरी लवकर व्हायचे. बारा थरांच्या जागा तात्या अजून दाभणाने करत होते. मग त्यांचे डोळे अधू झाले, मोतीबिंदू काढला, आणि डॉक्टरांनी बारीक काम बंद करायला सांगितलं. त्याच वर्षी ज्येष्ठात एका दिंडीचं काम आलं. ट्रकची मोठी ताडपत्री, नवी. वायदा पालखी पुण्यातून हलायच्या आतचा.

त्यात विजेने छळलं. मी तीन फेजची मोटर घेतली होती, कारण दुकानदार म्हणाला ती दमदार असते. खोटं नव्हतं ते. पण आमच्या वस्तीला तीन फेज शेतीच्या फीडरवरून यायची, आणि शेतीच्या विजेच्या पाळ्या असतात. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. एरवी सिंगल फेज. मोटर निवडताना मी ताकदीचा आकडा वाचला, घरातला मीटर कुठला आणि त्याला वीज कधी असते हे मनात आणलं नाही. त्या आठवड्यात पाळी रात्रीची होती. मी रात्रभर जागून जोड मारले आणि पहाटे काठाला लागलो.

पहिल्याच जागी सुई वाकून प्लेटवर आदळली आणि तुटली. दुसरी घातली, तीही तुटली. हाताने चाक फिरवून एकेक टाका घ्यायचा प्रयत्न केला, तर पाय चढेना आणि एकाच भोकात टाक्यावर टाका पडून दोऱ्याचा गोळा झाला. दाभण भिंतीला खोचलेलं होतं. सुतळीही होती. चौदा जागा हाताने शिवायला दुपार उलटून गेली असती, आणि ट्रक सकाळी यायचा होता.

मी कातरी घेतली आणि जोडाच्या टोकाशी आतल्या दुमडी छाटून टाकल्या. बाराचे सहा-सात थर झाले. त्यावरून काठ दुमडला, पाय सहज गेला, टाका सुबक आला. बाहेरून पाहणाऱ्याला काही म्हणता काही कळलं नसतं. चौदाही जागा मी तशाच केल्या. तात्या बाजेवर बसून होते. त्यांनी मशीनचा आवाज ऐकला आणि विचारलं, "बसलं का रं कोपऱ्याला?" मी म्हणालो, "बसलं."

या धंद्यात पुढे माझ्याकडून बरंच काही चुकलं, पण ते न कळून चुकलं. हे मी कळून केलं. कॅनव्हासची कड दुमडीत का अडकवतात हे मला पुरतं माहीत होतं. छाटलेल्या कडेचे धागे ओढ बसली की उसवत जातात, मग टाक्याला धरायला काही उरत नाही. मशीनच्या पायाला जमेना म्हणून मी दुसऱ्याच्या पांघरुणातून कापड काढून घेतलं.

आमचा मुलूख पावसाच्या सावलीतला. आषाढातही इथं फार पाऊस पडत नाही. कित्येकदा पालखी कोरड्या आभाळाखालून जाते. त्या वर्षी सराटीच्या आसपास रात्री वाऱ्यासकट जोराची सर आली. ताडपत्रीचा काठ दोन रिंगांपाशी जोडासकट फाटला आणि जोड वरपर्यंत उघडत गेला. खाली दिंडीचा शिधा होता. पीठ, डाळी, साखर, आणि म्हाताऱ्या वारकऱ्यांची अंथरुणं. हे सगळं मला एकादशी होऊन दिंडी परतल्यावर कळलं. दिंडीचे महाराज ताडपत्री घडी करून दुकानात घेऊन आले. रागावले नाहीत. "माउली, एवढं बघा," म्हणाले आणि फाटलेली जागा उलटून दाखवली. तात्या शेजारीच होते. त्यांना आता नीट दिसत नव्हतं. त्यांनी काठावर बोटं ठेवली, जोडाच्या टोकापर्यंत नेली, आणि आत थर नाहीत हे त्यांना बोटांनी कळलं.

मी पूर्ण काठ काढून, नवं कापड जोडून, दाभणाने पुन्हा शिवून दिला. भिजलेल्या शिध्याचे पैसे महाराजांनी घेतले नाहीत, मग मी ते अन्नदानात दिले. पुढच्या वर्षी ती दिंडी आली नाही. त्याच्या पुढच्याही वर्षी नाही. तात्यांच्या काळापासूनचं गिऱ्हाईक होतं ते. तात्या त्यावर मला कधीच काही बोलले नाहीत. पुढे मात्र कुठलीही ताडपत्री बाहेर जाताना ते काठावरून हात फिरवायचे. आधी तसं करत नसत.

त्यानंतर ते मशीन मी फक्त शेडनेटला ठेवायला हवं होतं. ठेवलं नाही. हप्ते चालू होते, म्हणून त्याच्याकडून सगळं करून घ्यायचा हट्ट धरला. याची किंमत दुसऱ्याच माणसाने मोजली.

बारामतीच्या एमआयडीसीत केंद्राच्या २००५ च्या योजनेतून टेक्स्टाईल पार्क उभं राहिलं आणि आसपासच्या गावांतल्या शेकडो बाया मशीनवर बसायला शिकल्या. शेजारच्या एक वहिनी तिथल्या एका युनिटमध्ये काही वर्षं काम करून घरच्या अडचणीमुळे परतल्या होत्या. हात अतिशय तयार. कपड्याच्या मशीनला मिनिटाला चार-पाच हजार टाक्यांची सवय. त्यांना मी कामाला घेतलं आणि त्यांच्यापुढे हे मशीन ठेवलं. क्लच मोटरचा स्वभाव असा, की मोटर सतत पूर्ण वेगाने फिरत असते, आणि पायाखालची पट्टी दाबली की मशीन तिला जोडलं जातं. हळू चालवायचं तर पाय अर्धवट दाबून धरावा लागतो. त्यात कसब आहे, आणि दिवसभर ते कसब टिकत नाही. उपाय साधा होता. १४४० फेऱ्यांच्या मोटरवर लहान पुली बसवायची. मोटरची पुली मशीनच्या पुलीच्या निम्मी ठेवली तर मशीन ७२० च्या वर जाऊच शकत नाही, आणि वेग घटतो तेवढा सुईचा जोर वाढतो. पुली आणि नवा पट्टा मिळून खर्च किरकोळ. मशीनवालाच मला तसं म्हणाला होता. पण वेग बघूनच तर मी ते घेतलं होतं. तो इतका कमी करायला मन होईना.

एके दिवशी ट्रॅक्टरच्या सीटच्या जाड कोपऱ्यावर मशीनचा पाय चढताना अडला, वहिनींनी जरा जास्त दाबलं, मशीन एकदम सुटलं. सुई त्यांच्या उजव्या हाताच्या बोटातून नखासकट आरपार गेली आणि आत तुटली. भिगवण रस्त्यावरच्या दवाखान्यात नेलं. सुई निघाली, बोट वाचलं, पण त्या बोटाच्या टोकाला नीट स्पर्श राहिला नाही. शिवणाऱ्या माणसाचा तो डोळा असतो. औषधपाण्याचं मी केलं, बोट बरं होईपर्यंतचा पगार दिला, हे सगळं करायलाच हवं होतं. वहिनी परत आल्या, आजही आहेत, आणि आज आमच्याकडे मशीनवर त्यांचा शब्द शेवटचा असतो. पुली मी त्या रात्रीच बदलली. बोटाआड येणारी तारेची कडी सुईपुढे बसवली, तीही मशीनच्या पेटीत पहिल्या दिवसापासून पडून होती.

दुसरं मशीन घेताना मी पहिल्या चुकीच्या उलट दिशेला धावलो. आता ट्रिपल फीड घेतलं, ते बरोबर होतं. पण त्याच्यासोबत मिळेल ते सगळं घेतलं. आपोआप दोरा कापणं, सुई वर-खाली थांबवणारं पॅनेल, पाय आपोआप उचलणं. एकदा कमी पडलं म्हणून या वेळी काहीच कमी नको, असा तो विचार. ताडपत्रीच्या कामात दोरा कापायचा प्रसंग येतोच किती? तीस फुटांची ओळ संपली की एकदा. आणि तिथं दोऱ्याचं शेपूट लांबच हवं असतं, गाठ मारून आत दडवायला. आपोआप कापणारी पाती ते आखूड करतात, आणि वीस नंबरच्या जाड दोऱ्यावर लवकर बोथट होतात. विजेचा दाब आमच्याकडे पंप चालू झाले की कोसळतो आणि बंद झाले की उसळतो. मशीनच्या पॅनेलमधलं इलेक्ट्रॉनिक कार्ड पहिल्याच उन्हाळ्यात गेलं. ते इंदापुरात कुणाला दुरुस्त करता येईना. कार्ड पुण्याला, पुण्याहून कंपनीला, आणि मशीन बंद. शेडनेटचा हंगाम तसाच निघून गेला. मशीनचा सांगाडा उत्तम होता, त्याला काही झालं नव्हतं. एका कार्डावाचून तो गप्प बसला होता. शेवटी मी त्या सगळ्या सोयी तोडून टाकल्या, साधी सर्व्हो मोटर लावली आणि आधी एक स्टॅबिलायझर बसवला. सर्व्हो पाय दाबला तरच फिरते, वेगाची मर्यादा बटणाने बांधता येते, सिंगल फेजवर चालते. सोयी काढून टाकल्यावर त्या मशीनने आम्हाला खरी साथ दिली.

त्याच मशीनचा एक गुण मी घेताना विचारलाही नव्हता, आणि त्याचे उपकार सगळ्यात मोठे. खाली हुकाभोवती दोरा अडकला की आतला क्लच सुटतो आणि हुक फिरायचा थांबतो. अडकलेला दोरा काढायचा, बटण दाबून चाक फिरवायचं, क्लच पुन्हा बसतो. पहिल्या मशीनला हे नव्हतं. तिथं दोरा अडकला की हुक आणि सुईची वेळ चुकायची. सुई तळाला जाऊन दोनेक मिलिमीटर वर येते त्या क्षणी हुकाचं टोक तिच्या मागून जाऊन दोऱ्याचा फास पकडतं. हे एवढंसं गणित बिघडलं की टाके सुटायला लागतात, आणि ते जुळवायला मिस्त्री बोलवावा लागतो. आमचा मिस्त्री बारामतीत आणि तो एकटाच. त्याच्या वाटेकडे बघत किती कामं परत गेली ते आता आठवायलाही नको.

बॉबिनचंही तसंच. मोठी बॉबिन घेणारं मशीन थोडं महाग पडतं म्हणून मी पहिल्यांदा लहान बॉबिनचं घेतलं होतं. वर लिहिलेला ४२० फुटांचा हिशेब करायला मला येत होता, फक्त तेवढाच दोरा खालूनही लागतो हे मी त्यात धरलं नाही. जाड दोरा लहान बॉबिनवर थोडाच बसतो. जोडाच्या मधोमध बॉबिन संपायची, तिथं नवा दोरा सुरू व्हायचा, आणि पाणी गळालं तर पहिलं तिथून गळायचं.

लांब हाताच्या मशीनचा मोह मात्र मी टाळला, आणि तो तात्यांमुळे. सुईपासून खांबापर्यंतची जागा साधारण दहा इंच असते. गुंडाळलेली ताडपत्री त्यात मावत नाही, म्हणून लांब हाताचं मशीन घ्या, असं मला सगळे सांगत होते. तात्या म्हणाले, "नवी पट्टी हाताच्या बाजूला ठेवायची, झालेलं ओझं डावीकडं. मग एकच पट्टी आत जाती." इतकं साधं होतं ते. नव्या ताडपत्रीला लांब हात लागतच नाही. मधोमध फाटलेली जुनी ताडपत्री आली तरच लागतो, आणि तसं ठिगळ दोन माणसांनी धरून हातानेही नीट बसवता येतं. आपल्या कामाचा क्रम बदलून जे सुटतं त्यासाठी मशीन बदलायचं नसतं, चार पैसे जास्त खर्च व्हायच्या आत मला कळलेलं हे एकच.

बारामतीत पियाजिओचा कारखाना आल्यापासून या भागात ॲपे रिक्षा गावोगाव झाल्या. त्यांच्या सीटा आणि हूड आमच्याकडे येऊ लागले. रेक्झिनचा मला सराव नव्हता. टाका बारीक तितकी शिवण मजबूत, अशी माझी समजूत, कापड शिवणाऱ्या प्रत्येकाची असते तशी. अडीच मिलिमीटरचा टाका घालून मी सीटा सुबक शिवल्या. काही महिन्यांत त्या शिवणीवरूनच फाटून आल्या. रेक्झिनला सुईचं भोक भरून येत नाही. भोकं जवळ जवळ पडली की टपालाच्या तिकिटाच्या कडेसारखी ती जागा फाटायला तयार होते. त्या रिक्षावाल्यांचं पोट त्या सीटवर. एकेक जण रिक्षा उभी करून, दिवसाचा धंदा बुडवून माझ्यापुढे थांबलेला. पुन्हा शिवताना पाच मिलिमीटरचा टाका ठेवला, धारदार टोकाची सुई काढून गोल टोकाची घातली, आणि दातांचे वळ उठू नयेत म्हणून गुळगुळीत पाय बसवले.

दोरा निवडताना मी नायलॉनचा घ्यायचो, कारण हाताने तोडून पाहिला तर तो तुटत नाही. पण आमच्या भागात ताडपत्री आणि शेडनेट भिजते थोडी आणि तापते फार. उन्हाला पॉलिएस्टर जास्त टिकतो. नायलॉनने शिवलेली शेडनेट दोन उन्हाळ्यांत जोडावर सुटली, जाळी मात्र धडधाकट. हाताने ओढून पाहणं ही दोऱ्याची परीक्षाच नव्हे. त्याला वर्षभर पत्र्यावर टाकून मग ओढून पाहायला हवं. आता नवा दोरा आला की वहिनी त्याचा वेटोळा दुकानाच्या पत्र्यावर बांधून ठेवतात.

शेवटचं सांगायचं ते शेततळ्याचं. २०१६ साली मागेल त्याला शेततळे योजना आली आणि इंदापूर तालुक्यात डाळिंब-द्राक्षवाल्यांनी तळी घेतली. तळ्याचा कागद, म्हणजे आतलं जाड प्लास्टिक, कुत्र्याच्या किंवा रानडुकराच्या पायाने फाटतो. एक शेतकरी तसा कागद घेऊन आले. तोवर माझं मशीन बारा थर सहज शिवत होतं, आणि मला वाटायला लागलं होतं की त्याच्यापुढे शिवण्याजोगं काही उरलं नाही. मी ठिगळ घातलं, दोन ओळी मारल्या, वरून चिकटद्रव्य लावलं. ज्याला पाणी धरून ठेवायचं आहे त्याच्यात मी शेकडो भोकं पाडली होती. तो कागद जोडायचा असतो तापवून वितळवून. त्यासाठी वेगळं यंत्र आणि वेगळी माणसं असतात. चिकटद्रव्य उन्हात सुटलं आणि तळं हळूहळू उतरत गेलं. ते शेतकरी बाष्पीभवन समजून गप्प राहिले. बाग बहरात असताना त्यांना टँकर लावावे लागले. काही टँकरचे पैसे मी दिले. त्यांच्या बागेची किती फळं तडकली, ते त्यांनी सांगितलं नाही आणि माझ्याने विचारवलं नाही. आता कागद घेऊन कुणी आलं तर मी वेल्डिंगवाल्याचा पत्ता देतो आणि हात लावत नाही.

सध्या दुकानात दोन मशीनं आहेत. ते सोयी काढलेलं ट्रिपल फीड, आणि शेडनेटला जुनं डबल फीड, लहान पुलीवर. बारा थरांच्या जागा आता मशीनच शिवतं. दिंडीच्या ताडपत्रीला मात्र त्यावर दाभणाची एक फेरी आम्ही घालतो, तिची मजुरी धरत नाही. हल्ली बॅगा आणि गोल कव्हरांची कामं येतात म्हणून मुलगा नळीच्या मशीनचा आग्रह धरतो आहे. नळीवर गोल वस्तू चढवून शिवता येते, सपाट मशीनवर ती दामटावी लागते, त्याचं म्हणणं खोटं नाही. मी त्याला वर्षभर वहीत लिहायला सांगितलं आहे, सपाट मशीनवर न होणारं काम कुठल्या महिन्यात किती आलं आणि त्याचे पैसे किती झाले. आजवरच्या नोंदींत हप्ता बसत नाही. वही चालू आहे.